'स्टफ' म्हणजे नक्की काय आणि तो वापरायचा कसा: सामान, पसारा, चहाबिहा आणि भरली वांगी

मी साताऱ्यात संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते आणि दर बॅचला एक गोष्ट हमखास दिसते. मुलांना 'एन्व्हायर्नमेंट' येतं, 'रिस्पॉन्सिबिलिटी' येतं, ग्लोबलायझेशनवर दोन पानं निबंध येतो, पण बॅगेत काय काय आहे असं विचारलं की गाडी अडते. बॅगेत असतं आपलं नेहमीचंच, डबा, चार्जर, वही, रुमाल, चुरगळलेली पावती, आणि या सगळ्याला मिळून एका शब्दात काय म्हणायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. तो शब्द म्हणजे 'स्टफ'. इंग्रजी बोलणारी माणसं हा शब्द दिवसभर वापरतात आणि आपल्या धड्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच.

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होतं, 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं, तरी ही जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

माझी आत्या निवृत्त शिक्षिका. लेकीकडे न्यू जर्सीला गेली तेव्हा तिकडच्या एअरपोर्टवर सिक्युरिटीवाला तिला म्हणाला, 'पुट ऑल युअर स्टफ इन द ट्रे'. आत्या इंग्रजी पेपर रोज वाचते, पण हे वाक्य तिला कळलं नाही. तो परत तेच म्हणाला, जरा मोठ्याने, मागे लाइन वाढत होती, शेवटी मागच्या मुलीने तिची पर्स, मोबाइल आणि शाल उचलून ट्रेमध्ये ठेवली. नंतर फोनवर मला म्हणाली, 'अगं, पुट कळलं, ट्रे कळला, मधलाच शब्द कळेना, आणि तोच तर महत्त्वाचा होता.' तेव्हापासून मी प्रत्येक बॅचमध्ये या एका शब्दाला पूर्ण एक तास देते. तोच तास इथे लिहून काढतेय, म्हणून जरा लांबेल, पण पायरी पायरीने वाचा, घाई नको.

पायरी 1: आधी उच्चार आणि स्पेलिंग पक्कं करा

स्पेलिंग आहे एस, टी, यू आणि मग दोन एफ. उच्चार 'स्टफ', म्हणजे 'कप' आणि 'बस' यांत जो आखूड अ आहे तोच. याच्या शेजारीच बसलेला दुसरा शब्द आहे 'स्टाफ', कर्मचारी, त्याच्या स्पेलिंगमध्ये यूच्या जागी ए येतो, ब्रिटिश लोक त्याला स्टाफ म्हणतात आणि अमेरिकन लोक स्टॅफ म्हणतात. एका अक्षराचा फरक, पण अर्थ माणसांवरून वस्तूंवर जातो.

क्लासमधली एक मुलगी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तिने तिथल्या बोर्डावर नोटीस टाइप करून लावली की सगळ्या स्टाफने आयकार्ड घालावं, पण टाइप करताना ए ऐवजी यू पडला, आणि स्पेलचेक ते पकडत नाही कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. नोटीस आठवडाभर तशीच होती. अशा वेळी एक सोपी खूण सांगते, ए म्हणजे आदमी, म्हणून माणसांच्या शब्दात ए. हे एवढं डोक्यात बसलं की मग चूक होत नाही, माझ्या मुलांची तरी होत नाही.

आणि तो 'फ' नीट म्हणा. फणसातला फ दोन्ही ओठ मिटून येतो, इंग्रजी एफला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची. सुरुवातीला 'इ' पण लावू नका, 'इस्टफ' होतं मग. आधी नुसता 'स' लांब ओढा, स्स्स, आणि त्याला 'टफ' जोडा. दहा वेळा केलं की येतं.

पायरी 2: अर्थासाठी डिक्शनरी नाही, घर आठवा

डिक्शनरीत 'स्टफ' समोर पदार्थ, द्रव्य, सामग्री असलं काहीतरी लिहिलेलं असतं, ते चूक नाही पण त्याने बोलता येत नाही. त्यापेक्षा आपल्या घरात आपण काय बोलतो ते आठवा. पाहुणे आले आणि त्यांच्या चार बॅगा, दोन पिशव्या, एक लोणच्याची बरणी दारात ठेवलीय, आपण म्हणतो 'सामान आत घे'. मुलाने हॉलभर खेळणी, पेन्सिली, सॉक्स टाकलेत, आपण म्हणतो 'हा पसारा आवर'. दुकानदार म्हणतो 'नवीन माल आलाय'. या तिन्ही ठिकाणी इंग्रजी माणूस सहज 'स्टफ' म्हणेल. 'ब्रिंग द स्टफ इनसाइड', 'क्लीन अप युअर स्टफ', 'द न्यू स्टफ हॅज कम'.

म्हणजे प्रत्येक वस्तूचं नाव घ्यायची गरज नसते, किंवा नाव आठवत नसतं, किंवा नावं इतकी असतात की कोण सांगत बसणार, तेव्हा सगळ्याचा एक ढीग करून त्याला जो शब्द चिकटवायचा तो 'स्टफ'.

हा शब्द आला कुठून तेही थोडं सांगते कारण त्याने अर्थ पक्का बसतो. जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्तोफ' असा शब्द होता, अर्थ साहित्य, सामग्री, कापड. तिथून तो इंग्रजीत आला. कापडाचा अर्थ बराच काळ टिकला, इंग्लंडमध्ये ज्युनियर बॅरिस्टरच्या साध्या लोकरी गाऊनला आजही 'स्टफ गाऊन' म्हणतात आणि सीनियर म्हणून नेमणूक झाली की तो 'सिल्क' घेतो, म्हणजे रेशमी गाऊन. पुण्यात जर्मन शिकणारे बरेच असतात, त्यांना याचा नातेवाईक लगेच ओळखू येईल, 'श्टोफ'. जर्मनमध्ये हायड्रोजनला 'वासरश्टोफ' म्हणतात, सरळ सरळ पाण्याचं स्टफ. मला हे फार आवडतं, एवढा मोठा वैज्ञानिक शब्द आणि आत बसलाय आपला घरगुती सामानवाला शब्द.

आपल्याकडेही तसंच आहे बघा. 'सामान' आणि 'चीज' फारसीतून आलेत, 'माल' आणि 'जिन्नस' अरबीतून, आणि आज कुणाला ते परके वाटत नाहीत. रोजच्या वस्तूंचे शब्द असेच हातोहात फिरत येतात.

पायरी 3: मोजायचं नाही (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि गंमत अशी की याचं व्याकरण आपल्याला लहानपणापासून येतं, फक्त ते आपल्याला येतं हे माहीत नसतं.

मला सांगा, तुम्ही कधी 'दोन सामानं' म्हणता का? 'माझी चार सामानं राहिली'? नाही म्हणत. 'माझं सामान राहिलं' असंच म्हणता, मग ती एक पिशवी असो की अख्खा ट्रक. 'किती सामान आहे' विचारता, 'किती सामानं आहेत' कुणीच विचारत नाही. बस, 'स्टफ' तंतोतंत असाच चालतो. ज्या वाक्यात मराठीत 'सामान' बसतं त्या वाक्याचं व्याकरण जसंच्या तसं उचलायचं.

म्हणून 'स्टफ्स' नाही. 'अ स्टफ' नाही. 'मेनी स्टफ' नाही, 'मच स्टफ', 'अ लॉट ऑफ स्टफ', 'सम स्टफ', 'ऑल दॅट स्टफ' असं. 'हाऊ मेनी' नाही, 'हाऊ मच स्टफ'. 'धीज स्टफ आर हेवी' नाही, 'धिस स्टफ इज हेवी'. आणि पुढच्या वाक्यात त्याच्याबद्दल परत बोलायचं असेल तर 'देम' नाही, 'इट'. 'टेक युअर स्टफ अँड पुट इट इन द कार'. इथे बहुतेक जण 'देम' म्हणतात कारण डोळ्यासमोर पाच वस्तू दिसत असतात, पण मराठीत आपण 'सामान घे आणि ते गाडीत ठेव' असंच म्हणतो ना, 'ती सगळी ठेव' असं नाही म्हणत. मराठी ऐका, मराठी बरोबर सांगते.

मग मोजायचंच असेल तर काय? तर शब्द बदला. मोजायला 'थिंग' आहे, जशी मराठीत 'वस्तू' किंवा 'गोष्ट' आहे. 'मला दोन वस्तू घ्यायच्यात' म्हणजे 'आय हॅव टू बाय टू थिंग्ज'. 'मला सामान घ्यायचंय' म्हणजे 'आय हॅव टू बाय सम स्टफ'. मी क्लासमध्ये फळ्यावर मधोमध उभी रेघ मारते, एका बाजूला सामान आणि स्टफ, दुसऱ्या बाजूला वस्तू आणि थिंग, आणि मुलांना मराठी वाक्यं देते, त्यांनी फक्त सांगायचं की रेघेच्या कुठल्या बाजूला जाणार. 'एक गोष्ट विसरले', उजवीकडे. 'सगळा पसारा तसाच आहे', डावीकडे. 'त्या खोलीत खूप अडगळ आहे', डावीकडे. 'तीन गोष्टी सांगते', उजवीकडे. वीस वाक्यांनंतर कुणी चुकत नाही.

ही युक्ती इतर शब्दांनाही लागू पडते, पण सगळ्यांना नाही, आणि हे नीट समजून घ्या कारण अर्धवट नियम घेऊन गेलात तर तोंडघशी पडाल. 'माहिती' घ्या. 'माहित्या' कुणी म्हणत नाही, म्हणून 'इन्फर्मेशन्स' पण नाही. 'कचरा' मोजत नाही, 'गार्बेज' पण नाही. 'फर्निचर' तर आपण तसंच उचललंय, 'फर्निचरं' म्हणत नाही, तरी इंग्रजी लिहिताना काय होतं कोण जाणे, 'फर्निचर्स' लिहिलं जातं. इथपर्यंत मराठी सोबत आहे. पण 'बातमी', तिच्या 'बातम्या' होतात आणि इंग्रजीत 'न्यूज' मोजता येत नाही. 'सल्ला', आपण 'दोन सल्ले' देतो, इंग्रजीत 'अॅडव्हायसेस' देता येत नाहीत. 'दागिने' आपण मोजतो, 'ज्वेलरी' मोजायची नाही. हे तीन वेगळे पाठ करावे लागतात, उपाय नाही.

आणि एक अपवाद 'स्टफ'मध्येच आहे. 'फूडस्टफ' म्हणजे खाद्यपदार्थ, त्याचं 'फूडस्टफ्स' होतं, ते बरोबर आहे, रेशनच्या किंवा सरकारी कागदांत दिसतं. जुन्या व्यापारी इंग्रजीत कापडांसाठीही 'स्टफ्स' सापडेल. ते पाहून आपलं रोजचं 'माय स्टफ्स' बरोबर ठरत नाही.

पायरी 4: जे हातात धरता येत नाही तेही स्टफ

इथे सामानवाली मराठी पुरत नाही. 'आय हॅव सम स्टफ टू डू' म्हणजे मला जरा कामं आहेत. 'वी टॉक्ड अबाउट स्टफ' म्हणजे इकडचं तिकडचं बोललो. 'दॅट स्टफ ही सेड यस्टरडे', काल तो जे काही बोलला ते. 'आय लाइक हर स्टफ' हे एखाद्या लेखिकेबद्दल किंवा गायिकेबद्दल असेल तर तिचं लिखाण, तिची गाणी, एकंदर तिचं काम आवडतं. यात वस्तू कुठेच नाही, पण ढीग करायची पद्धत तीच, वेगवेगळ्या गोष्टी एका मुठीत धरल्या.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. 'अँड स्टफ'.

इंग्रजी मुलं बोलताना सारखं म्हणतात, 'वी हॅड टी अँड स्टफ', 'शी रीड्स बुक्स अँड स्टफ'. माझ्या मुलांनी याचं भाषांतर केलं 'आम्ही चहा आणि सामान घेतलं', आणि वर्गात सगळे गोंधळले. मग मी विचारलं, घरी पाहुणे आले की आई काय विचारते? 'चहाबिहा घेणार का?' हे 'बिहा' म्हणजे काय? त्याला स्वतःचा अर्थ नाही, पण तो आला की चहासोबत बिस्कीट, चिवडा, कॉफी, सरबत, जे काय त्या जातीचं असेल ते सगळं आत येतं. 'अँड स्टफ' म्हणजे आपला हा 'बि'. टी अँड स्टफ, चहाबिहा. बुक्स अँड स्टफ, पुस्तकंबिस्तकं. होमवर्क अँड स्टफ, अभ्यासबिभ्यास. शॉपिंग अँड स्टफ, खरेदीबिरेदी. क्षणात सगळ्यांना कळलं, एकही माणूस मागे राहिला नाही. जी गोष्ट इंग्रजी दोन शब्द जोडून करते ती मराठी एका अक्षराने करते, आणि ही सोय आपल्या तोंडात आधीच आहे, फक्त तिचा इंग्रजी जोडीदार दाखवून द्यायचा होता.

याचा जरा सभ्य भाऊ 'अँड स्टफ लाइक दॅट', तो म्हणजे 'वगैरे'. 'वगैरे' मुळात अरबी, शब्दशः अर्थ 'आणि त्याशिवायचं'. आणि लेखी इंग्रजीतला 'एट्सेट्रा' म्हणजे आपला 'इत्यादी'. बोलण्यात चहाबिहा, जरा नीट बोलायचं तर चहा वगैरे, सरकारी पत्रात चहा इत्यादी. तीन पायऱ्या तिकडे, तीन पायऱ्या इकडे. कुठली कुठे वापरायची हे तुम्हाला मराठीत कुणी शिकवायला लागत नाही, मग इंग्रजीतही तीच जाण वापरा.

एक मात्र बघा, 'बि' जसा प्रत्येक शब्दाला लावला की ऐकणारा कंटाळतो तसंच 'अँड स्टफ'चं आहे. मुलाखतीत 'आय नो एक्सेल अँड स्टफ' म्हणालात तर समोरच्याला वाटतं एक्सेलपलीकडे काही येत नाही. तिथे नावं घ्या, 'एक्सेल, टॅली अँड बेसिक अकाउंटिंग'.

पायरी 5: कुठे वापरायचा नाही

वरच्या उदाहरणातूनच हे निघतं. ढीग करणं हे त्याचं काम, म्हणून जिथे एकेक वस्तू वेगळी सांगावी लागते तिथे हा शब्द नको.

हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी नागपूरहून साताऱ्याला शिफ्ट होताना सामान ज्या गाडीने आलं त्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी मिक्सरचं भांडं, आरसा आणि आईच्या जुन्या देवघराची कमान फोडली. मी त्याच रात्री रागात मेल केला, 'सम ऑफ माय स्टफ वॉज डॅमेज्ड'. चार दिवसांनी उत्तर आलं, कुठलं सामान, नग किती, किंमत किती, फोटो आहेत का. मी यादी करून पाठवली तोवर त्यांची तक्रारीची मुदत उलटली होती आणि भरपाई नाकारली. पैशाचं सोडा, देवघराची ती कमान आजोबांनी करवून घेतलेली होती आणि माझ्या मेलमध्ये तिचं नावसुद्धा नव्हतं, ती 'सम स्टफ'मध्ये गेली. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

म्हणून तक्रार, क्लेम, पोलिसांत हरवल्याची नोंद, कुरियरचा फॉर्म, कस्टमचा फॉर्म, इथे प्रत्येक वस्तूचं नाव आणि नग. 'वन मिक्सर जार, वन मिरर, वन वुडन आर्च'. एकत्र म्हणायचंच असेल तर घर हलवताना 'हाउसहोल्ड गुड्स', अंगासोबतच्या आपल्या वस्तूंना 'पर्सनल बिलाँगिंग्ज', प्रवासात 'लगेज' (आणि हेही मोजायचं नाही, 'लगेजेस' नाही, 'टू बॅग्ज' म्हणा), बिलात आणि यादीत 'आयटम्स', कामाच्या सामग्रीला 'मटेरियल'. सोसायटीच्या नोटिशीत 'डोंट कीप युअर स्टफ इन द पॅसेज' लिहिलंत तर शेजारणीने दारातून ओरडल्यासारखं वाटतं, तिथे 'पर्सनल आर्टिकल्स' किंवा 'बिलाँगिंग्ज' शोभतं. आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, स्पीकिंगमध्ये 'स्टफ' चालतो, उलट बोलणं सहज वाटतं, पण रायटिंगच्या निबंधात नको.

गंभीर गोष्टीवर हा शब्द टाकला तर काय होतं त्याचं एक मोठं उदाहरण आहे. एप्रिल 2003 मध्ये इराकची राजधानी बगदाद अमेरिकी फौजांच्या हाती पडल्यावर तिथे लूटमार सुरू झाली, राष्ट्रीय संग्रहालयातल्या प्राचीन वस्तूसुद्धा लुटल्या गेल्या, आणि अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड पत्रकारांसमोर त्या लुटीबद्दल म्हणाले, 'स्टफ हॅपन्स'. म्हणजे 'चालायचंच'. व्याकरणात काही चूक नव्हती, पण लोकांची घरं, दवाखाने, हजारो वर्षांचा ठेवा जात असताना तो शब्द इतका हलका पडला की त्यावर जोरदार टीका झाली आणि ते दोन शब्द त्यांना कायमचे चिकटले. दूध उतू गेलं, बस चुकली, इथे 'स्टफ हॅपन्स' ठीक आहे. कुणाच्या घरी दुःख झालंय तिथे कधीच नाही.

पायरी 6: क्रियापद झालं की स्वयंपाकघरात या

'टू स्टफ' म्हणजे ठासून भरणं, कोंबणं. बॅगेत कपडे कोंबले, 'आय स्टफ्ड द क्लोद्ज इन्टू द बॅग'. नीट घड्या घालून भरले असतील तर 'पॅक्ड' म्हणा, 'स्टफ्ड'मध्ये घाई आहे, जागा कमी आहे, चेन लागत नाहीये आणि आपण गुडघ्याने दाबतोय, हे सगळं आहे.

पण सगळ्यात छान समजतं ते भरल्या वांग्यांनी. क्लासमधल्या एका काकूंना मी सांगितलं की वांगी कशी करता ते इंग्रजीत सांगा. त्यांनी हातानेच सुरुवात केली, डाव्या हातात वांगं धरल्यासारखं, देठ तसाच ठेवायचा, खालून चार चिरा द्यायच्या पण देठापर्यंत न्यायच्या नाहीत, मिठाच्या पाण्यात टाकायची. मग दाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, गोडा मसाला, गूळ, चिंच. इथे त्या थांबल्या, बोटांनी मसाला आत दाबत राहिल्या आणि म्हणाल्या, 'आता हे काय म्हणायचं?' हेच. 'स्टफ द ब्रिंजल्स विथ द मसाला.' जे बोटं करतायत ते 'स्टफ', जे आत गेलं ते 'स्टफिंग', आणि कढईत जे उतरलं ते 'स्टफ्ड ब्रिंजल'. पुरणपोळीतलं पुरण 'स्टफिंग', मोदकातलं सारण 'स्टफिंग', मुलांचं कापसाचं अस्वल 'स्टफ्ड टॉय', भुसा भरलेला वाघ 'स्टफ्ड टायगर'. 'विथ' विसरू नका, 'स्टफ्ड बाय मसाला' नाही.

जेवण झाल्यावर 'आयम स्टफ्ड' म्हणजे पोट तुडुंब भरलं, आता घास जाणार नाही. घरच्यांत, मित्रांत छान, पण मोठ्या समारंभात यजमानांना 'नो थँक यू, आयम फुल' बरं. ऑस्ट्रेलियात असाल तर तिथे 'आयम स्टफ्ड' म्हणजे पार दमलो असंही होतं, कॉन्टेक्स्ट बघून घ्या. 'गेट स्टफ्ड' हा मात्र सरळ अपमान आहे, कुणी म्हटलं तर कळावं म्हणून सांगतेय, तुम्ही वापरू नका.

डॉक्टरकडे लागणारं एक: नाक चोंदलंय म्हणजे 'माय नोज इज स्टफ्ड अप' किंवा 'आय हॅव अ स्टफी नोज'. नाक वाहतंय ते वेगळं, 'रनी नोज'. आणि खोली कोंदट असेल तर 'द रूम इज स्टफी'. हवा अडकलीय, कोंबलीय, मूळ अर्थ तोच.

पायरी 7: तयार वाक्प्रयोग, आणि एक सावधगिरी

फार नाहीत, तीन-चार पुरे. 'गुड स्टफ!' म्हणजे वा, छान झालं. 'शी नोज हर स्टफ' म्हणजे ती आपल्या कामात पक्की आहे, हे कुणाबद्दल बोललं गेलं तर मोठी शाबासकी समजा. 'किड स्टफ' म्हणजे अगदी सोपं, पोरखेळ. 'द सेम ओल्ड स्टफ' म्हणजे तेच ते, रोजचंच.

सावधगिरी ही, की आपल्याकडे 'माल' शब्दाला जसा एक काळा अर्थ आहे तसाच 'स्टफ'लाही आहे, अमली पदार्थ. 'डू यू हॅव द स्टफ' असं अनोळखी माणसाला विचारू नका, विशेषतः परदेशात शिकायला गेलेल्या मुलांनी आणि ज्यांना कुणाचं पार्सल पोचवायचंय त्यांनी. तिथे 'पार्सल', 'डॉक्युमेंट्स', 'बुक्स', जे असेल ते नावाने सांगा. आणि दुसऱ्याने दिलेलं 'सम स्टफ' आत काय आहे ते न बघता आपल्या बॅगेत घेऊ तर अजिबात नका, हे इंग्रजीच्या बाईंचं नाही, घरच्या माणसाचं सांगणं समजा.

पायरी 8: सात दिवसांचा सराव

वही नको. घरातला एक ड्रॉवर निवडा, तो जिथे रबरबँड, जुन्या चाव्या, सुतळी, संपलेले सेल, कुणाचं तरी बटण असलं सटरफटर आणि किडुकमिडुक पडलेलं असतं. रोज एकदा उघडा आणि मोठ्याने बोला. पहिले दोन दिवस फक्त ढीग: 'देअर इज सो मच स्टफ इन हिअर'. 'इज' म्हटलं का ते स्वतःच ऐका. मग दोन दिवस मोजा: 'देअर आर थ्री कीज, टू सेल्स अँड अ बटन', आणि 'दीज थिंग्ज आर ओल्ड'. पाचव्या दिवशी अर्धा ड्रॉवर रिकामा करून घरच्या कुणाला तरी सांगा, 'टेक धिस स्टफ अँड पुट इट देअर', इथे 'इट' आलं पाहिजे. सहाव्या दिवशी फोनवर मैत्रिणीशी बोलताना 'बि'वाला जो शब्द तोंडात येईल तो पकडा आणि मनात त्याचा 'अँड स्टफ' करा. सातव्या दिवशी असं समजा की हा ड्रॉवर प्रवासात हरवलाय आणि क्लेम करायचाय, एक मेल लिहा, त्यात 'स्टफ' एकदाही येता कामा नये.

आत्याने हे सगळं केलं, तिकडे लेकीच्या किचनमधल्या ड्रॉवरवर. परतीच्या वेळी नेवार्कला ट्रे समोर आल्यावर तिने पर्स, मोबाइल, शाल ठेवली, आणि मागे एक आजी तशाच गोंधळून उभ्या होत्या त्यांना म्हणाली, 'पुट युअर स्टफ हिअर, आजी, सामान ठेवा यात.'